पद्मिनीच्या पेट्रोल लाइनची गळती: तुकडा जोडावा की पूर्ण लाइन बदलावी?

पद्मिनी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि त्यांच्या पश्चात गेली सहा वर्षे मी ती सांभाळतो आहे. महिन्यातून दोन-तीन वेळा पावस किंवा गणपतीपुळ्यापर्यंत फेरी होते, एरवी गाडी शेडमध्ये झाकून उभी असते.

यंदाचा पावसाळा संपल्यावर सकाळी शेडचे दार उघडले की पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली वाकून पाहिले तेव्हा मागच्या सीटच्या खालच्या भागात, जिथे टाकीकडून येणारी लोखंडी नळी क्लिपने तळाला धरलेली आहे, तिथे ओल दिसली. जवळच्या गॅरेजमध्ये तेवढा गंजलेला भाग कापून त्या जागी रबरी नळीचा तुकडा दोन क्लिपा लावून बसवून दिला. पंधरा दिवसांनी त्याच्या पुढे वीतभर अंतरावर पुन्हा ओल दिसू लागली, आणि नव्याने बसवलेला रबरी तुकडाही हाताला चिकट व फुगल्यासारखा लागतो आहे. याखेरीज निवळीच्या घाटात गाडी दोनदा दम तोडल्यासारखी मंद झाली, थोडी थांबवल्यावर पुन्हा नीट चालली. हे दुखणे वेगळे असावे असे मी समजत होतो.

एका मिस्त्रींचे म्हणणे असे की लोखंडी नळी काढून टाकून टाकीपासून इंजिनपर्यंत अखंड रबरी नळीच टाकावी, म्हणजे गंजण्याचा प्रश्न उरणार नाही. दुसऱ्यांनी एसीच्या कामाची तांब्याची नळी सुचवली आहे. यांपैकी कोणता मार्ग योग्य, रबर नेमके कोणते घ्यावे, आणि हे काम करताना कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_फिटर

सर्वांत आधी एक विनंती. लाइनचे काम पूर्ण होईपर्यंत गाडी चालवू नका आणि बंद शेडमध्येही ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचून राहते. त्यामुळे दाराशी वास कमी आला म्हणून धोका कमी झाला असे मुळीच नाही.

आता तुमच्या दोन तक्रारींबद्दल. माझ्या मते त्या दोन नाहीत, एकच आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप, ज्याला आपण गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतो (वातानुकूलनाच्या एसीशी त्याचा संबंध नाही), इंजिनवर बसलेला असतो आणि इंजिनच्या कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावर चालतो. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लांब नळी पेट्रोल ढकलत नाही, ओढत असते. गाडी चालू असताना त्या नळीला बारीक छिद्र असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि घाटात जेव्हा इंजिनला सर्वांत जास्त पेट्रोल हवे असते नेमके तेव्हाच पंपाच्या वाट्याला हवेचे बुडबुडे येतात. गाडी बंद करून ठेवली की ओढ थांबते, आणि टाकीतल्या पेट्रोलची पातळी नळीपेक्षा वर असल्यामुळे त्याच छिद्रातून थेंब थेंब गळू लागते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीखाली ओल आणि घाटात उपासमार ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. खात्री करायची असेल तर पंपाच्या अलीकडे बोटभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि गाडी उघड्यावर जागच्या जागी दोन मिनिटे चालवून पाहा. बुडबुड्यांची रांग दिसली तर वेगळा पुरावा नको. ती नळी लगेच काढून टाका, कायम ठेवण्याजोगी ती नसते.

छिद्र क्लिपच्या खालीच का पडले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. क्लिप आणि नळी यांच्यामध्ये चिखल व खाऱ्या हवेचा ओलावा अडकून राहतो आणि नळी तिथे बाहेरून कुरतडली जाते. कोकणातल्या गाडीत अशी एक जागा फुटली म्हणजे उरलेल्या क्लिपांखालीही तीच अवस्था जवळ आली आहे असे धरून चालावे. चाळीस वर्षांच्या नळीला तुकडे जोडत बसणे म्हणजे प्रत्येक जोडाबरोबर गळण्याच्या दोन नव्या जागा तयार करणे होय. लाइन पूर्ण बदला.

अखंड रबरी नळीचा सल्ला मात्र कृपया मानू नका. तळाखाली उडणारे दगड, सायलेन्सरच्या पाइपची उष्णता आणि उंदीर या तिन्हींपुढे रबराचा निभाव लागत नाही. शिवाय ओढीच्या बाजूला लांब रबरी नळी उन्हाने मऊ पडून आत चेपते किंवा वळणावर दुमडते, आणि मग बाहेर कोठेही गळती नसताना गाडी बंद पडते. रबर फक्त दोन ठिकाणी असावे: टाकीच्या तोंडाशी, आणि तळाला घट्ट धरलेली नळी जिथे हलणाऱ्या इंजिनशी जोडली जाते तिथे. तेही शक्य तितके आखूड.

कामाचा क्रम सांगतो. गाडी मोकळ्या जागेत घ्या, खड्ड्यावर नाही. बॅटरीची ऋण तार काढा. जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, भक्कम घोड्या लावा. जाळीचा साधा बल्ब खाली नेऊ नका. तो फुटला तर एक ठिणगी पुरेशी आहे. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा आणि पाण्याच्या बादलीवर भरवसा ठेवू नका, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवते. टाकीतले पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. नळी तोंडाने ओढण्याची जुनी सवय आपल्याकडे अजून आहे, ती सोडाच. ते पेट्रोल फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते.

जुनी नळी काढताना तिचे तुकडे करू नका. नव्या नळीला वळणे देण्यासाठी तीच साचा असते, म्हणून थोडा जास्त वेळ गेला तरी ती सबंध उतरवा. बाहेरचा व्यास व्हर्नियरने न गंजलेल्या जागी मोजा, कोणी सांगितलेल्या मापावर जाऊ नका. नवी नळी हॅकसॉने न कापता पाइप कटरने कापा, आतली कड साफ करा आणि बसवण्यापूर्वी दाबाच्या हवेने फुंकून घ्या, नाहीतर धातूचा कीस थेट पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल. ज्या टोकावर रबर चढणार आहे तिथे नळीला फुगीर कडा काढून घ्या. गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी रबर हळूहळू सरकते, आणि कडा असेल तर क्लिप फार आवळावी लागतही नाही. जिथे नट आहेत तिथे जुन्या नळीच्या फ्लेअरचा, म्हणजे पसरट केलेल्या टोकाचा, आकार पाहून तसाच फ्लेअर करा. दोन प्रकारचे फ्लेअर एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण नट आवळला तरी गळतात.

आणखी एक. ऑइलची कांडी काढून वास घेऊन पाहा आणि इथे कळवा.

अकराशे_डिलाइट

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रबराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या १९६७ च्या फियाट ११०० डिलाइटमध्ये मी हीच चूक दोनदा केली.

आपल्या देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ २० टक्के झाले. आपल्या गाड्या ज्या काळात घडल्या तेव्हा रबरी भागांना या मिश्रणाशी सामना करावा लागेल असे कोणी धरले नव्हते. साधे नायट्राइल रबर त्यात फुगते, चिकट होते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहून नळी कोरडी पडली की त्याच रबराला चिरा जातात. तुमचा नवा तुकडा पंधरा दिवसांत फुगला याचे कारण बहुधा हेच आहे. तो पेट्रोलसाठी बनवलेला नसून पाण्याचा किंवा हवेचा होज असण्याचीही शक्यता आहे.

दुकानात होज मागताना नुसते ‘पेट्रोलचा पाइप द्या’ असे म्हणू नका. होजच्या अंगावर छापलेले वाचा. ‘एसएई जे३० आर६’ किंवा ‘आर७’ असे असेल तर तो जुन्या पद्धतीचा कार्बुरेटरसाठीचा होज आहे. ‘आर९’ असे असेल तर त्याच्या आतल्या थराला फ्लोरोइलास्टोमर नावाचे वेगळ्या जातीचे रबर असते आणि इथेनॉलपुढे तो कितीतरी चांगला टिकतो. आपल्या पंपाचा दाब जेमतेम ३ पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे दाबासाठी आर९ ची गरज नाही. तो घ्यायचा तो केवळ आतल्या अस्तरासाठी. किंमत जास्त पडते, पण आपल्याला लागतो दोन हातांपेक्षा कमी. अंगावर काहीच छापलेले नसेल तर तो होज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

क्लिपही पाहून घ्या. पट्टीला आरपार खाचा असलेल्या स्वस्त क्लिपा आवळल्यावर रबर त्या खाचांत शिरून कापले जाते. अखंड पट्टीच्या, कडा वर वळवलेल्या आणि स्क्रूने आवळायच्या छोट्या क्लिपा मिळतात, त्याच वापरा.

एक मोह टाळावा असे सुचवतो. घाटातली तक्रार दूर करण्यासाठी मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून देण्याचा सल्ला मिळतो. तो मी मानला होता. त्यामुळे आजवर ओढीखाली असलेली सारी जुनी नळी दाबाखाली आली आणि जिथे पूर्वी थेंब होता तिथे धार लागली. शिवाय अपघातात इंजिन बंद पडले तरी असा पंप इग्निशन चालू असेपर्यंत पेट्रोल फेकत राहतो. नळी निर्दोष असेल तर मूळ पंप आपल्या घाटांना पुरतो.

धातुशास्त्र_पुणे

तांब्याच्या नळीबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून हे उत्तर.

एसीच्या कामाची मऊ तांब्याची नळी हाताने वळते, गंजत नाही आणि बाजारात सहज मिळते, त्यामुळे ती सुचवली जाणे स्वाभाविक आहे. परंतु शुद्ध तांबे वाकवताना आणि सततच्या कंपनाने कठीण होत जाते, आणि कठीण झालेले तांबे ठिसूळपणे तडकते. फ्लेअरच्या मुळाशी आणि शेवटच्या क्लिपच्या पुढे, जिथे नळीचा हलता व न हलता भाग एकत्र येतो, तिथे अशी तड जाते. लोखंड गंजून गळते तेव्हा आधी काही आठवडे ओल आणि वास देते. तांबे तडकते तेव्हा तशी आगाऊ सूचना मिळेलच असे नाही.

तुमच्यासाठी दोन पर्याय योग्य आहेत. पहिला, बाहेरून लेप दिलेली दुहेरी भिंतीची पोलादी नळी, जी मुळात गाडीला होती त्याच जातीची. दुसरा, ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेली क्युप्रोनिकेल नळी. ती ब्रेक लाइनसाठी गुंडाळीत मिळते, खाऱ्या हवेत उत्तम टिकते, शुद्ध तांब्याइतक्या लवकर थकत नाही आणि साध्या बेंडरने सुबक वळते. रत्नागिरीच्या हवेत मी हीच निवडेन. फक्त एक सावधगिरी: ब्रेकसाठीची नेहमीची गुंडाळी ४.७५ मिलिमीटर बाह्य व्यासाची असते, ती पेट्रोलसाठी अरुंद पडेल. तुम्ही मोजलेल्या मापाचीच मागवा, थांबावे लागले तरी.

नळी तळाला धरताना रबरी अस्तराच्या क्लिपा वापरा आणि साधारण हातभर अंतराच्या आत एक अशा लावा. पत्र्यातून जिथे ती आरपार जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे रबरी कडे, हवाच. सायलेन्सरच्या पाइपपासून मूळ मार्गाइतकेच अंतर राखा. जवळचा रस्ता म्हणून मार्ग बदललात तर एप्रिल-मे महिन्यांत नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडेल.

पद्मिनी_रत्नागिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पारदर्शक नळी लावून पाहिली आणि बुडबुडे स्पष्ट दिसले. जुनी लाइन काल सबंध उतरवली. क्लिपांच्या सात जागांपैकी पाच ठिकाणी नळी नखाने दाबली तरी खचत होती, म्हणजे तुकडे जोडण्याचा विचार सोडला हे बरेच झाले. क्युप्रोनिकेल नळी मागवली आहे.

निवृत्त_फिटर यांनी सांगितल्याप्रमाणे ऑइलच्या कांडीचा वास घेतला. पेट्रोलचा वास येतो आहे आणि ऑइलची पातळीही वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त आहे, जरी मी ऑइल घातलेले नाही. याचा लाइनशी संबंध आहे का?

निवृत्त_फिटर

लाइनशी नाही, पण तुमचा रबरी तुकडा फुगण्याचे जे कारण, बहुधा तेच याचेही. पंपाचा पडदाही रबरी कापडाचाच असतो. तो फाटला की पेट्रोल कॅमशाफ्टच्या बाजूने ऑइल चेंबरमध्ये उतरते. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगांवर टिकत नाही, आणि चेंबरमध्ये वाफ भरलेली असते, म्हणून आता इंजिनला एकदाही स्टार्टर मारू नका.

पंप उतरवून पडदा आणि व्हॉल्व्हचे किट बदला. किट घेताना ते इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे आहे का हे विचारून घ्या, कारण वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेली जुनी किटेही विकली जातात. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यापासून या भागांची उलाढाल कमी झाली आहे, तेव्हा मिळाले तर एक किट जास्तीचे घेऊन ठेवा. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. नवी लाइन बसल्यावर पंपाच्या हाताने हलवायच्या दांड्याने कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल आणा, सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून अर्धा तास थांबा, आणि कागद पुन्हा फिरवल्यावर तो कोरडा निघाला तरच बॅटरीची तार जोडा.