मदत हवी आहे: आईचा नवस, सावंतवाडी ते जुने गोवे पायी

नमस्कार. माझं माहेर सावंतवाडी, सध्या पुण्यात असते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती गोंयच्या सायबाला (संत फ्रान्सिस झेवियर) नवस बोलली होती: चालायला लागले की फेस्ताला (३ डिसेंबरचा सायबाचा सण) पायी येईन, मेणाचे पाय वाहीन. दहा वर्षांनी येणारं सायबाचं शवप्रदर्शन ५ जानेवारी २०२५ ला संपलं, तेव्हा ती अंथरुणात होती. आता काठीशिवाय अंगणात फिरते. पण साठेक किलोमीटर चालायला डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे. "बोललेलं राहिलं" म्हणत रात्री जागी असते. तिची घालमेल मला बघवत नाही.

तिच्या बदली मी चालले तर नवस फिटतो का? मी आनंदाने चालेन. बाबांच्या वेळी वाडीतून (सावंतवाडीतून) घोळका निघायचा, वाटभर तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणत, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत. असे गट आता निघतात का? ३ डिसेंबरलाच पोचायला हवं, की २४ नोव्हेंबरपासूनच्या नोव्हेनातला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतला) एखादा दिवस चालेल? आईला गाडीने आणलं तर गाडी बॅसिलिकेच्या (सायबाचं शव असलेलं जुन्या गोव्यातलं चर्च) किती जवळ सोडतात? आणि मेणाचे पाय नेमके कुठे वाहायचे? सायबाचं शव असलेली चांदीची पेटी तर खूप उंचावर आहे.

मांडवीकाठी (उत्तर): ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, पण त्यात आईंची सुटकाच आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ११९३ सांगतं की नवस ज्याने केला त्यालाच तो बांधील असतो. तुमचं चालणं ही तुमची भक्ती, ती जरूर करा. आईंसाठी ११९६ आणि ११९७ बघा. पॅरिशचे (तुमच्या भागातल्या चर्चचे) फादर योग्य कारण असेल तर नवसातून मोकळं करू शकतात, किंवा झेपेल अशा दुसऱ्या कशात बदलून देऊ शकतात. नऊ दिवस घरी नोव्हेना आणि बॅसिलिकेच्या आवारात चार पावलं, असं काही सुचवून बघा. आईंनी स्वतः फादरांशी बोलावं, म्हणजे मनाला पटेल.

मेणाचे पाय बाहेरच्या दुकानांत मिळतात. कुठे ठेवायचे ते आतल्या सेवेकऱ्यांना विचारा. फेस्ताच्या दिवशी अफाट गर्दी असते, गुडघ्याच्या माणसाला नोव्हेनातला कामाचा दिवस बरा. पायी येणारे ऊन टाळायला रात्री चालतात. महामार्गावर चमकत्या पट्टीचं जाकीट घाला आणि एकटीने अजिबात निघू नका.

धागाकर्ती: खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांना भेटणार आहे. मी मात्र चालणारच. वाडी किंवा बांद्याहून नोव्हेनात कुणाचा गट निघत असेल तर कृपया इथे कळवा, आम्ही दोघी बहिणी आहोत.