मदत हवी आहे: डेबियन १३ वर लॉगिननंतर काळा पडदा

नमस्कार मंडळी. लॅपटॉप डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर नेला, म्हणजे त्यातला नोम डेस्कटॉप ४३ वरून थेट ४८. लॉगिन स्क्रीन नीट येते, पण पासवर्ड टाकला की काळा पडदा आणि नुसता माउसचा बाण. कंट्रोल-आल्ट-एफ३ ने टर्मिनल मिळतं, फाइल्स शाबूत आहेत. नोम ४५ पासून जुनी एक्स्टेन्शन्स चालत नाहीत, म्हणून ती सगळी काढली. फरक शून्य. पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा म्हणून वेलँडऐवजी जुनी एक्स११ निवडूनही तेच.

गंमत म्हणजे नवीन युजर केला, तर त्याचा डेस्कटॉप झकास चालतो! म्हणजे ड्रायव्हर नव्हे, माझ्या होम फोल्डरमधलंच काहीतरी अडतंय ना? डीकॉन्फ (नोमच्या सेटिंग्जचा साठा) पूर्ण रीसेट करायला हात धजावत नाही. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डसकट सगळी मांडणी त्यातच आहे. बॅकअप घेऊन फक्त नोम शेलपुरतं (डेस्कटॉपचा मुख्य दर्शनी भाग) रीसेट करता येईल का? नेमकी कमांड कुणी सांगेल?