फियाट एक्स वन नाइन 15 मिनिटांत तापते, इंजिन उतरवू का?

जुना_पाना
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक उद्योग करून बसलोय, घरच्यांच्या मते वेडेपणा. एक्स वन नाइन घेतली, 1979 ची, 1500 सीसीचं इंजिन आणि पाच गिअरवाली. लहानपणापासून भिंतीवर लॅम्बोर्गिनी काउंटाशचं पोस्टर, ती काय या जन्मात दारात उभी राहणार नाही, पण मग कळलं की काउंटाशचं डिझाइन ज्याने काढलं त्या गांदिनीनेच बेर्तोने या डिझाइन कंपनीत असताना हिचंपण काढलंय, इंजिन तसंच सीटच्या मागे, छप्पर काढून पुढच्या डिकीत ठेवता येतं, आणि मुख्य म्हणजे माझ्या खिशाला झेपते. घेतली.

आधीच्या मालकाकडे 6 वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. नवीन बॅटरी टाकली, जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, आणि पठ्ठी चक्क चालू झाली. आवाज छान, धूर नाही. पण 15 मिनिटं झाली की काटा लाल पट्ट्याकडे निघतो. हीटर फुल्ल केला तर आतून गार हवा. पुढचा फॅन तर आजवर एकदाही फिरलेला बघितला नाही. इंजिनाजवळची कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी मात्र भरलेली दिसते.

ओळखीच्या एका मेकॅनिकने गाडी न बघताच फोनवर निकाल दिला, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन उतरव. दुसरा म्हणाला थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कुलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) काढून फेक, सगळं थंड होईल. माझ्याकडे ट्रॉली जॅक, चार स्टँड, सॉकेट सेट आणि फक्त रविवार आहेत. दिवे पण मिणमिणतात, सेल्फ मारताना पणती होते त्यांची, पण ते नंतर बघू. इंजिन उतरवू का?

थंड_डोकं
पाना खाली ठेव भाऊ. काटा लाल आणि हीटर गार, या जोडीचा अर्थ बहुतेक वेळा एकच, आत हवा अडकलीय.

या गाडीची गंमत समजून घे. इंजिन मागे, रेडिएटर पार पुढे नाकात, आणि मधे गाडीच्या पोटाखालून, बोगद्यातून, दोन लांबलचक लोखंडी पाइप जातात, एक गरम पाणी पुढे नेणारा, एक परत आणणारा. एकूण 11-12 लिटर कुलंट मावतं. तू मागच्या टाकीत ओतलंस, टाकी भरली, तुला वाटलं झालं. पण पुढे रेडिएटरमधे हवा कोंडलेली. टाकी भरलेली दिसणं म्हणजे सिस्टीम भरलेली असणं नव्हे, या गाडीत तर नाहीच नाही.

गाडी पूर्ण गार असताना टाकीचं झाकण उघड (गरम असताना हात लावशील तर तोंड भाजेल, सांगून ठेवतो), हीटरचा खटका पूर्ण गरमवर कर, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा स्क्रू आहे तो सैल कर, आणि कुणालातरी मागे हळूहळू ओतायला बसव. आधी फुसफुस, मग फसफस, मग सलग धार. धार आली की स्क्रू बंद. मग इंजिन चालू करून होज दाबत राहा, परत टाकी भर, परत स्क्रू. एका फेरीत होत नाही, मला चार लागल्या आणि त्यात बायकोशी दोन भांडणं.

आणि तो फॅन. त्याचा स्विच रेडिएटरमधे आहे, तिथपर्यंत गरम पाणीच पोचलं नाही तर तो कशाला फिरेल?

गॅस्केटवाला
हवा काढा वगैरे ठीक आहे, पण गॅस्केटचा विषय असा झटकून टाकू नका. 6 वर्षं उभी राहिलेली गाडी, हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, त्यात दोनचार वेळा लालपर्यंत तापवून झालीय. नसेल गेलं तर आता जाईल. फक्त तर्क करू नका, टेस्ट करा. टाकीच्या तोंडावर लावायची नळी मिळते, निळं पाणी असतं त्यात, इंजिन चालू असताना ते पिवळं झालं तर जळलेला गॅस कुलंटमधे येतोय. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजा, शेजारशेजारचे दोन कमी आले तर मग खरंच हेड उघडा. तोपर्यंत काटा अर्ध्याच्या वर गेला की इंजिन बंद, "अजून दोन मिनिटं बघू" हा आजार सोडा.

आणि हेडसाठीसुद्धा इंजिन उतरवावं लागत नाही, हेड जागेवर निघतं. त्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा.

सात_नंबर
थर्मोस्टॅट काढून फेकू नका दादा, प्लीज. माझ्या भावाने फेकला होता, गाडी आणखी तापायला लागली आणि आम्ही दोघं आठवडाभर डोकं धरून बसलो होतो. यात साधा थर्मोस्टॅट नाही, तीन तोंडांचा आहे, इंजिन गार असताना पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरवतो आणि गरम झालं की ती पळवाट बंद करतो. तो काढला की पळवाट कायम उघडी, पाण्याला सोपा रस्ता मिळाल्यावर ते पुढे नाकापर्यंत कशाला जाईल. संशय असेल तर नवीन टाका. टाकायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून त्यात बुडवून बघा उघडतोय का, नवीनसुद्धा खराब निघतात.

दिवे "नंतर बघू" म्हणालात ते मला पटलं नाही. बॅटरी पुढच्या डिकीत, सेल्फ मागे, परतीचा करंट सगळा बॉडीच्या पत्र्यातून येतो. म्हणजे गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी ती एक चपटी वेणीची पट्टी गंजली की अख्खी गाडी आजारी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग गेलंय. मी बघितलं तेव्हा 2 च्या पुढे होता! पट्टी काढून दोन्हीकडचा रंग आणि गंज सँडपेपरने पांढरा लख्ख होईस्तोवर घासला, नवीन पट्टी लावली, सेल्फ एकदम नव्या गाडीसारखा. टेंपरेचरचा काटासुद्धा खराब अर्थिंगमुळे खोटं बोलू शकतो, हे जाताजाता.

हेडलाइटना वेगळे रिले (छोट्या करंटने चालणारे मोठ्या करंटचे स्विच) टाका, जुन्या स्विचमधून सगळा करंट नेऊ नका.

जुना_पाना
सगळ्यांना दंडवत. दोन रविवारांचा हिशोब देतो.

पहिला रविवार: हवा काढली, पाच फेऱ्या, जवळजवळ 4 लिटर कुलंट आणखी गेलं आत. हीटर भट्टीसारखा तापला, मी तर नाचलोच. चक्कर मारून आलो, 15 च्या जागी 30 मिनिटं चालली आणि परत काटा वर. फॅन अजूनही ढिम्म. निळ्या पाण्याची टेस्ट केली, निळं ते निळंच राहिलं. कॉम्प्रेशन चारही सारखं. म्हणजे गॅस्केट शाबूत.

दुसरा रविवार: स्टँडवर घेऊन पोटाखाली शिरलो. बोगद्याखालचा पत्रा खोलला, त्याचे बोल्ट तीन तुटले ते सोडा. इंजिन गरम असताना पाइपांना हात लावून बघितला, पुढे नेणारा सुरुवातीला चटका बसेल इतका गरम आणि दोन फूट पुढे कोमट. टॉर्च मारून बघतो तर पाइप तिथे चेपलेला! पोळीसारखा चपटा, वर जॅकच्या वाटीचा गोल ठसा अगदी स्पष्ट. कुणीतरी कधीकाळी गाडीच्या मधोमध जॅक लावून उचललीय. पत्रा वाकला, पाइप दबला, आणि वर पुन्हा काळा रंग मारून ठेवलाय.

थंड_डोकं
हाहा, क्लासिक. या गाडीत मधे जॅक लावायचा नाही, कुणी कितीही घाईत असो. चपटा तुकडा कापून त्याच व्यासाचा स्टीलचा पाइप घाल, जोडाला रबरी होज आणि दोन्ही बाजूला दोन-दोन क्लिपा. पण पाइपच्या टोकांना आधी थोडी कड उठवून घे, गुळगुळीत टोकावरून होज प्रेशरने निसटतो आणि मग तू रस्त्याच्या कडेला. पाइप आतून किती गंजलाय तेपण बघ, खपल्या निघत असतील तर दोन्ही पाइप स्टेनलेसचे करून टाक, एकदाच काय तो त्रास.

पत्रा_पारखी
सगळे इंजिनाच्या मागे लागलेत म्हणून मी वेगळं बोलतो. इंजिन फियाट 128 च्या घराण्यातलं, साधं आणि दणकट, ते कधीही होईल. पत्रा गेला तर गाडी गेली. आता खाली शिरलाच आहेस तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) ठोकत जा, टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर आत गंज किंवा लांबी (रंगाआधी थापायची पुटी). लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरव, जिथे चिकटणार नाही तिथे लांबी थापलीय. मग मागच्या सस्पेन्शनचे बुरूज, जिथे शॉकअॅब्सॉर्बर वर बॉडीला बसतो ती जागा, इंजिनकडून बघ. तिथे सडलं असेल तर बाकी सगळं थांबव. पाणी जायच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी आतच मुरतं, त्या तारेने मोकळ्या कर.

वेल्डिंग करायच्या आधी लक्षात ठेव की पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे. ती बाहेर काढूनच ठिणगी पाडायची, "ओलं फडकं लावू" नाही.

अजून एक, ब्रेक करशील तेव्हा मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने दाबू नकोस, तो फिरवत आत न्यायचा असतो, हँडब्रेकची यंत्रणा आत आहे. जोर लावलास तर कॅलिपर वाया. आणि टायमिंग बेल्टचं वय माहीत नसेल तर तो आधी बदल, किलोमीटर किती झाले ते बघत बसू नकोस, उभ्या गाडीतसुद्धा रबर म्हातारं होतं.

जुना_पाना
अपडेट. पाइप जोडला, परत हवा काढली. 50 मिनिटं चालवली, काटा मध्यावर, आणि गाडी घरी आणून उभी केली तेव्हा पुढून एकदम घुर्रर्र आवाज आला. मी दचकून मागे झालो, मग कळलं तो फॅन आहे. पहिल्यांदाच ऐकला. मुलगी म्हणते बाबा तू फॅन बघून रडतोयस का.

सिल उजवीकडे भदभद वाजतंय, त्याचा वेगळा धागा काढीन, आज मूड घालवत नाही. सात_नंबर ताई, अर्थिंगची पट्टी बदलली, सेल्फ मस्त. फक्त आता हेडलाइट लावले (मोटरने वर उघडणारे आहेत) की डावा वर येतो आणि उजवा झोपलेलाच.

सात_नंबर
दिव्याच्या मोटरवर हाताने फिरवायची चक्री असते, ती फिरवून आत्ता वर काढून ठेवा. आणि मग त्या मोटरचं अर्थिंग बघा. हो, परत अर्थिंगच.

जुना_पाना
वर काढला. आता तो खाली जात नाहीये.