मदत हवी आहे: चंद्रावरच्या टायको विवराचं मधलं शिखर दिसतच नाही, दुर्बीण बिघडली आहे का?

माणदेशी (बुधवार, रात्री ११:१०)
शनिवारी शाळेत आकाशदर्शन ठेवलंय आणि मी पुरता अडकलोय. आठवीच्या पोरांना फळ्यावर टायको काढून दाखवला होता: ८५ किमीचं विवर, पायऱ्या पडलेल्या भिंती, मधोमध डोंगर. पोरं रोज विचारतात, "सर, तो डोंगर दिसणार ना?" काल दोन तास दुर्बिणीला डोळा लावून बसलो. पांढरा भगभगीत डाग, त्याच्याभोवती काळपट कडं, बाकी काही नाही. ना भिंत, ना डोंगर. दुर्बीण जुनी घेतलेली आहे. ते कडं आरशावरच्या बुरशीचं असेल का? आरसा धुवू की नवीन आयपीस (डोळ्याकडचं भिंग) मागवू, एवढंच सांगा. वेळ अजिबात नाही.

आठ_इंची (११:२५)
किती इंची? आयपीस कोणते? कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, शेवटचं कधी केलंत? जुन्या दुर्बिणीत दहापैकी नऊ वेळा तिथेच घोळ असतो. एखादा ठळक तारा फोकसच्या बाहेर न्या आणि वर्तुळं एककेंद्री दिसतात का बघा. आरसा मात्र घाईत धुवू नका, ओरखडा पडला तर कायमचा.

माणदेशी (११:३१)
सहा इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ १२०० मिमी. आयपीस २५ आणि १० मिमीचे. गेल्या महिन्यात शनीची कडी स्वच्छ दिसली होती.

आठ_इंची (११:३८)
मग मून फिल्टर घ्या. चकाकी कमी झाली की तपशील दिसतो. माझ्याकडे पाच वर्षं आहे, त्याशिवाय मी चंद्र बघतच नाही.

विदुला (११:५२)
थांबा. सर, "काल" म्हणजे मंगळवारीच ना? काल पौर्णिमा होती. दुर्बिणीला काही झालेलं नाही आणि फिल्टरनेही डोंगर दिसणार नाही.

माणदेशी (११:५५)
पौर्णिमा म्हणूनच तर बसलो ना ताई. पूर्ण उजेड असताना दिसणार नाही तर कधी दिसणार?

विदुला (गुरुवार, ००:१४)
नांगरलेलं रान सकाळी आठला बघा. तिरप्या उन्हात ढेकूळ न् ढेकूळ उठून दिसतं, कारण प्रत्येकाला सावली असते. तेच रान भर दुपारी सपाट वाटतं. पौर्णिमेला चंद्रावर पडणारं ऊन आपल्या पाठीमागून येतं, त्यामुळे पडलेल्या सावल्या वस्तूंच्या मागेच लपतात. टायकोची कड तळापासून साडेचार किमीहून जास्त उंच, मधलं शिखर सुमारे २ किमी. एवढी उंची असूनही सावली नाही म्हणजे उठाव नाही.

टायको बघायचा तर शुद्ध नवमी-दशमीला. नवमीला त्याच्यावर सूर्य उगवतो: कड उजळलेली असते, तळ काळाकुट्ट, आणि त्या काळोखात शिखराच्या माथ्याचा एकच पांढरा ठिपका. दशमीला तळ उघडतो आणि शिखराची टोकदार सावली भिंतीकडे पसरलेली दिसते. मी पहिल्यांदा तो ठिपका पाहिला तेव्हा आयपीसवर धूळ आहे समजून पुसत बसले होते.

तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं येतं, तेव्हा टायको वरच्या बाजूला शोधा.

बेसाल्ट (सकाळी ७:०५)
त्या काळपट कड्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. सर, ती बुरशी नाही. ते कडं खरोखर चंद्रावर आहे आणि तुम्ही ते सहा इंचीतून टिपलंत याचा मला फार आनंद झाला. बाहेरून मोठा दगड येऊन धडकला आणि टायको बनला. त्या धडकेत खडक वितळला, तो कडेबाहेर फेकला गेला आणि काचेसारखा गोठला. ही काच गडद असते. विवराच्या तळावरही हाच वितळलेला खडक साचून थिजलाय आणि थंड होताना त्याला भेगा गेल्यात. त्या काळपट कड्याच्या बाहेर पांढरे पट्टे सुरू होतात, काही १५०० किमीच्याही पलीकडे गेलेत. ते पांढरे दिसतात कारण तो माल अजून ताजा आहे. सौर वारा (सूर्याकडून येणारे कण) आणि बारीक उल्का यांच्या माऱ्याने चंद्राची माती हळूहळू काळवंडते, टायकोला तेवढा वेळ मिळालेला नाही. पौर्णिमेला डोंगर दिसत नाहीत, पण खडकाखडकातला रंगाचा फरक त्याच रात्री सगळ्यात चांगला दिसतो.

गच्चीवरून (७:४०)
मधला डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी असणार. आकार बघा ना, विवराच्या बरोबर मध्यावर. एका धडकेने खड्डा पडेल, डोंगर कसा उभा राहील?

बेसाल्ट (८:०२)
बादलीत थेंब पडताना बघा. खळगा पडतो आणि लगेच मधून पाणी वर उसळतं. एवढ्या प्रचंड दाबाखाली खडकही क्षणभर तसाच वाहतो: आधी खाली दाबला जातो, मग उसळी घेतो आणि वर आलेल्या स्थितीतच गोठतो. म्हणून शिखराचा खडक खोलातला असतो, न खोदता हाती आलेला. चंद्रावरच्याच कोपर्निकस विवराच्या शिखरांवर ऑलिव्हिन हे खोलातलं खनिज सापडलंय ते त्यामुळेच. भिंतींना पायऱ्या पडल्यात त्याही त्याच वेळच्या, उभी कड स्वतःचं वजन न पेलून खाली घसरली.

गच्चीवरून (८:१०)
मग लोणारला मध्ये डोंगर का नाही? ती पण धडकच ना?

बेसाल्ट (८:२६)
आकार लहान पडतो. चंद्रावर साधारण १५-२० किमीच्या पुढे शिखर उभं राहायला लागतं. पृथ्वीचं गुरुत्व जास्त, म्हणून इथे २ ते ४ किमीलाच. लोणार १.८ किमीचं, साधी वाटी.

लोणारकर (९:१५)
लोणारचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सर, पोरांना इकडेच घेऊन या. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पडलेलं विवर आहे आणि चंद्रावरचे काळे सागर, म्हणजे गोठलेल्या लाव्हाची मैदानं, तेही बेसाल्टचेच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे इथले दगड तपासतात. आमच्याकडेही कितीतरी वर्षं ज्वालामुखीच म्हणायचे. १९७३ साली मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं, धडकेच्या दाबानेच बनते ती काच, आणि वाद मिटला. वयाचा वाद मात्र चालूच आहे, कोणी ५२ हजार वर्षं काढतं, कोणी ५ लाख ७० हजार. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा मी रोज कडेवर जाऊन उभा राहायचो.

माणदेशी (१:२०, मधली सुट्टी)
दादा, सहल पुढच्या वर्षी नक्की. मला शनिवारचं सांगा.

नवखा_१२ (१:४५)
मोबाईलने चंद्राचा फोटो काढायचा असेल तर आयपीसला लावायचा होल्डर मिळतो, हाताने धरू नका, हलतं. आणि एक विचारायचं होतं, टायको दक्षिणेला म्हणतात, मग विक्रम लँडर त्याच्याजवळच उतरला का?

बेसाल्ट (२:१०)
नाही. चंद्रयान-३ उतरलं ६९ अंश दक्षिणेला, टायको ४३ अंशावर. दोन्हींत हजारेक किमी आहेत. टायकोशेजारी उतरलं होतं अमेरिकेचं माणूस नसलेलं यान सर्व्हेयर ७, जानेवारी १९६८ मध्ये, उत्तरेच्या कडेबाहेर उडालेल्या मालावर. तिथल्या मातीत सागरांपेक्षा लोह कमी मिळालं, म्हणजे तो उंच प्रदेशाचाच खडक.

टायकोचं वय मात्र टायकोवर न जाता काढलंय. अपोलो १७ उतरलं तिथे, दोन हजार किमीहून लांब, एक दरड कोसळलेली आहे. टायकोहून उडालेला माल आदळून ती कोसळली असं मानतात. तिथल्या नमुन्यांवरून १० कोटी ८० लाख वर्षं निघतात.

विदुला (२:३०)
सर, महत्त्वाचं राहिलं. शनिवारी कार्यक्रम किती वाजता?

माणदेशी (२:३४)
७ ते ९. पोरांना वेळेत घरी सोडायचं असतं.

विदुला (२:४१)
शनिवारी संकष्टी आहे. चंद्रोदय नऊच्या पुढे. तुमच्या पूर्ण वेळेत चंद्रच नसेल.

माणदेशी (२:५८)
कॅलेंडर आत्ता उघडून बघितलं. खरंय. सुट्टी आहे एवढं बघून तारीख धरली होती. पत्रिका वाटून झाली आहे, पालकांना निरोप गेलेत, पोरांनी वहीत टायकोची चित्रं काढून आणलीत. आता काय सांगू त्यांना?

आठ_इंची (३:२०)
पुढे ढकला. येत्या शुद्ध दशमीला घ्या, तोवर कोलिमेशनही बघून होईल.

विदुला (३:३६)
मी ढकलणार नाही. संकष्टीला अर्धं गाव चंद्राची वाट बघत जागंच असतं. पालकांनाच बोलवा, वेळ साडेनऊ ते अकरा करा. पहिला अर्धा तास चंद्र खाली असल्याने चित्र हलेल, नंतर स्थिरावेल.

आणि टायकोचं शिखर नको, थिओफिलसचं दाखवा. वद्य चतुर्थीला मावळतीची रेषा (उजेड आणि अंधार यांची सीमा) चंद्राच्या पूर्व भागात आलेली असते, त्यामुळे अमृत सागराच्या कडेला असलेल्या थिओफिलसवर ऊन तिरपं व्हायला लागलेलं असतं. सुमारे १०० किमीचं विवर, पायऱ्यांच्या भिंती, मध्ये ठसठशीत शिखर, म्हणजे फळ्यावर काढलंत तेच. शेजारचं सिरिलस त्याने अर्धवट बुजवलंय. यातलं आधीचं कोणतं, हे पोरांनाच विचारा, न सांगता ओळखतील. १० चा आयपीस लावा. टायकोचे पांढरे पट्टे त्याच रात्री २५ च्या आयपीसमधून दाखवा, आणि ते काळपट कडंही.

गच्चीवरून (३:५०)
टायकोच्या शिखरावर एक मोठा दगड बसलेला फोटो पाहिला होता, तो दिसेल का?

बेसाल्ट (४:०५)
तो चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने २०११ साली टिपलेला. दगड सुमारे १२० मीटरचा. सहा इंचीतून दीड-दोन किमीपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही.

माणदेशी (रात्री ९:४०)
हेडसरांशी बोललो. आधी नाही म्हणाले, मग संकष्टीचं कळल्यावर त्यांनीच सुचवलं की ज्यांचा उपास आहे त्यांनी डबा घेऊन मैदानावरच यावं. वेळ साडेनऊ ठरली. आरसा धुतलेला नाही. विदुलाताई, थिओफिलस उलट्या चित्रात नेमका कुठे शोधू, तेवढं उद्या सकाळपर्यंत सांगाल का? फळ्यावर काढून ठेवतो.