सात वर्षांच्या मुलीला घेऊन हरिश्चंद्रगड: पाचनईची वाट जमेल का?

मुळाकाठची:
नमस्कार. मी, माझे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई असे आम्ही पाच जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात दोन दिवसांसाठी जाण्याचा विचार करत आहोत. मुलांनी सिंहगड दोनदा पायी चढला आहे. राजगडाला मात्र चोरदरवाजाच्या खाली, रेलिंगपाशी मुलीने बसकण मारली आणि आम्ही तिथूनच परतलो. यजमानांचे म्हणणे असे आहे की १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर, मुलांनी एकदा सर करावे. मला हरिश्चंद्रगड अधिक बरा वाटतो. पहाटे पुण्याहून निघून दुपारी गड चढायचा, संध्याकाळी कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेकडच्या प्रचंड कड्यावर, सूर्यास्त पाहायचा, रात्री गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळ तंबूत राहायचे आणि सकाळी उतरायचे, असा बेत मनात आहे. यात काही चुकत असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

कातळवाट:
ताई, गडाची निवड योग्य आहे, परंतु वेळापत्रक उलटे आहे.

आधी कळसूबाईविषयी. बारी गावातून शिखरापर्यंतचा चढ जवळजवळ सलग आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्या भक्कम असल्या तरी वर्षअखेरीच्या गर्दीत त्यांच्यावर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या माणसांची कोंडी होते. राजगडाच्या रेलिंगला घाबरलेल्या मुलीला तशा शिडीच्या मध्यावर दहा मिनिटे ताटकळत उभे राहावे लागले, तर तिला पुढची काही वर्षे डोंगराचे नाव काढलेले चालणार नाही.

पायथ्याच्या पाचनई गावातून चढणारी वाट हरिश्चंद्रगडाच्या सर्व वाटांत सोपी आहे. मोठ्या माणसांना दोन ते अडीच तास लागतात. मुलांबरोबर साडेतीन तास धरावेत. सुरुवातीची झाडी आणि चढ संपला की वाट एका प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी जाते. डोक्यावर पुढे आलेला खडक, एका बाजूला दरी आणि पायाखाली पुरेशी रुंद वाट असा तो टप्पा आहे. पावसाळ्यात तिथे पाण्याची धार अंगावर घेत जावे लागते, डिसेंबरात मात्र ती जागा कोरडी आणि सावलीची असते. त्यापुढे मंदिराजवळ उगम पावणाऱ्या मंगळगंगेच्या सोबतीने पठारावरून चालायचे असते. सिंहगड चढलेल्या मुलांना दमाच्या दृष्टीने हे जड नाही. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे येणारी वाट सुंदर आहे, परंतु लांब आहे आणि खिंडीच्या वर कातळावर रेलिंग धरून चढावे लागते, त्यामुळे ती यावेळी सोडून द्यावी.

आता वेळापत्रक. पुण्याहून पाचनई गाडीने चार-पाच तासांवर आहे. पहाटे उठवलेली, घाटातल्या वळणांनी मळमळलेली मुले अकरा-बारा वाजता उन्हात चढायला लागणार, तंबूपर्यंत पोचेपर्यंत थकणार आणि त्याच थकल्या पायांनी कोकणकड्याकडे निघणार. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि कड्यापासून मंदिराकडे अर्ध्या तासाची वाट अंधारातून चालायची उरते. गडावर धोका चढापेक्षा कड्याच्या काठावर आणि अंधारात अधिक आहे, आणि तुमच्या बेतात या दोन्ही गोष्टी दिवसाच्या सर्वांत थकलेल्या तासाला एकत्र आल्या आहेत.

म्हणून मुक्काम पाचनईत करावा. पहिल्या दिवशी आरामात निघून दुपारी गावात पोचावे, दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला चढायला लागावे, साडेदहाला मंदिर, तिथून कडा, आणि काहीही झाले तरी एक वाजता उतरणीला लागावे. ही वेळ घरून निघतानाच ठरवून मुलांनाही सांगून ठेवावी, म्हणजे वर ऐनवेळी वाटाघाटी होत नाहीत. सूर्यास्त हुकेल, हे खरे आहे.

कोकणकड्याची कडा आत वळलेली असल्यामुळे उभे राहून खालचा भाग दिसत नाही आणि म्हणूनच माणसे नकळत पुढे सरकतात. आमच्या घरचा नियम असा आहे की काठापासून पंधरा पावलांवर सर्वांनी खाली बसायचे, त्यापुढे एका मोठ्या माणसाने एकाच मुलाला पालथे झोपवून सरपटत न्यायचे आणि त्या वेळी दुसऱ्या मोठ्या माणसाने मुलाचे दोन्ही घोटे धरायचे. माझ्या मुलाने पहिल्यांदा असे पाहिले तेव्हा खालून येणाऱ्या वाऱ्याने त्याच्या टोपीची कड सारखी वर उलटत होती आणि तो फक्त एवढेच म्हणाला, “बाबा, घोटे सोडू नका.”

अकोल्याचा:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. तालुक्यातलाच असल्याने थोडी भर घालतो. आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ हा रस्ता तुम्हाला सोयीचा पडेल. पाचनईत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते, मात्र मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून परतण्याची वेळ घरी कोणाला तरी सांगून यावे. जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवले तर पहाटे भाकरी आणि ठेचा बांधून मिळतो. औषधोपचाराची गरज पडल्यास राजूर किंवा अकोले गाठावे लागते, त्यामुळे मुलांची नेहमीची औषधे जवळ असू द्यावीत.

दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. कातळात आग्या मोहोळे असतात, तेव्हा अत्तर लावून येऊ नये, धूर करू नये आणि आरडाओरडा टाळावा. दुसरे म्हणजे, गडावरची माकडे पिशवीच्या आवाजावरून खाऊ ओळखतात. मुलांच्या हातात बिस्किटांचा पुडा देऊ नये, डबा मोठ्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवावा. ३१ तारखेच्या आसपासचे दिवस टाळून मंगळवार-बुधवार पाहावा.

वाटेवर कारवीची झुडपे दिसतील, ती मुलांना अवश्य दाखवावीत. सात वर्षांतून एकदा फुलणारी हीच कारवी; तिच्या काठ्यांचे कूड विणून, वरून शेणामातीने लिंपून आमच्याकडची घरे उभी राहत आली आहेत.

दोन लेकरांचा बाप:
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. गडावरचा मुक्काम सरसकट बाद करू नये, कारण मुलांना पुढे आठवते ती रात्रच. परंतु पहिल्याच खेपेला तो करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहल नेणाऱ्या एका गटाबरोबर गेलो होतो. साठेक माणसे होती आणि सर्वांत पुढच्या माणसाचा वेग हाच गटाचा वेग होता. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या बुटाचा तळ कातळाच्या टप्प्यावर उकलला, मी तो सुतळीने बांधत बसलो आणि मान वर केली तेव्हा पुढे कोणीही दिसत नव्हते. वाट ठळक होती म्हणून निभावले. त्या रात्री थंडी इतकी होती की मुलगी माझ्या स्लीपिंग बॅगेत शिरली आणि मी जागाच राहिलो. तेव्हापासून निघण्याच्या आठवडाभर आधी मी सगळ्यांचे बूट पाण्यात भिजवून, वाळवून, वाकवून पाहतो. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा डिंक असाच दगा देतो.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेविषयीही सांगायला हवे. मधोमध भव्य शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एक आणि सभोवती कमरेएवढे गार पाणी हे दृश्य मुलांना फार आवडते. मात्र त्यातून प्रदक्षिणा घालण्याचा हट्ट धरला तर नकार द्यावा. खालचा तळ दिसत नाही आणि ओल्या कपड्यांनी उतरताना मुले गारठतात.

मुळाकाठची:
सर्वांचे मनापासून आभार. मुक्काम पाचनईत करायचा हे ठरले. यजमानांनी कळसूबाई पुढच्या वर्षावर ढकलले आहे, अर्थात थोड्या कुरकुरीनंतर. आता एकच प्रश्न उरतो. सासूबाईंचा गुडघा चढताना त्रास देत नाही, उतरताना देतो. त्यांना गावातच थांबवावे, की काही अंतर सोबत न्यावे?

कातळवाट:
कातळाच्या पोटापर्यंत न्यावे. तिथे सावली आहे, बसायला सपाट दगड आहेत आणि गावातली एखादी जाणती व्यक्ती मोबदला देऊन सोबत घेतली तर ती त्यांना सावकाश परत खाली आणू शकेल. उतरताना काठी त्यांच्या उंचीची असावी, म्हणजे कोपर काटकोनात राहील एवढी. मुलांसाठी घेतलेली आखूड काठी देऊ नये, कारण तिच्यावर वाकले की सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. दुपारी तुम्ही उतराल तेव्हा त्यांच्याकडे गावातल्या चुलीवरचा चहा तयार असेल, तुमच्या वाट्याला मात्र तोपर्यंत सॅकमधले कोमट पाणी. ते माणशी दोन लिटर घ्यावे.