घराच्या विम्याचा हप्ता कमी कसा करावा?

कोथरूडकर
नमस्कार. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर ६५० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका आम्ही गृहकर्ज काढून घेतली आहे. करारातील किंमत ९० लाख रुपये असल्यामुळे विमाही ९० लाखांचाच घ्यावा, १० वर्षांचा हप्ता एकदम भरावा आणि ती रक्कम कर्जात मिळवून टाकावी, असे बँकेच्या प्रतिनिधीने सुचवले आहे. घराला विमा हवा, याविषयी मला शंका नाही. परंतु संरक्षणाला धक्का न लावता हा खर्च कमी करता येईल का? आमच्या मजल्यापर्यंत पुराचे पाणी येणार नाही, तेव्हा पूर वगळला तर चालेल का?

निवृत्त विमा कर्मचारी
त्या ९० लाखांत जागेची किंमत धरलेली आहे आणि इमारत जळाली तरी जमीन जागेवरच राहते. विमा बांधकामाचा काढायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध असून तिच्यात चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून इमारतीची विमा रक्कम काढतात. दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला तर तुमची रक्कम १६,२५,००० रुपये होते. शिवाय इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३,२५,००० रुपयांपर्यंत घरसामानाला यादी न देता संरक्षण मिळते; त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. नुकसानभरपाई प्रत्यक्ष नुकसानीइतकीच मिळत असल्यामुळे ९० लाखांचा हप्ता भरून तुमच्या पदरात जास्त काही पडणार नाही.

पूर वगळण्याचा विचार सोडून द्यावा. या पॉलिसीत आग, भूकंप, वादळ, पूर आणि दरड कोसळणे ही संकटे मुळातच एकत्र येतात. हप्ता कर्जात मिळवू नका, कारण मग त्यावरही वर्षानुवर्षे व्याज द्यावे लागते. आणि बँकेच्या कागदांत कर्जदाराच्या जिवाचा विमा निराळा जोडला आहे का, हे नीट वाचा. तो घराचा विमा नव्हे.

सोसायटीचा माजी सचिव
आधी सचिवांकडे सोसायटीची पॉलिसी मागा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा संस्थेनेच उतरवायचा असतो, आणि तो खर्च सभासदांकडून देखभाल शुल्कातच घेतला जातो. तुमच्या इमारतीचा पुरेशा रकमेचा विमा असेल, तर त्याच भिंतींसाठी दुसरा हप्ता भरण्यात अर्थ नाही. फक्त घरसामानाचा विमा घ्या. मात्र पॉलिसी चालू आहे का आणि रक्कम किती जुन्या दराने धरली आहे, हे स्वतः पाहा. आमच्याकडे तीच रक्कम कित्येक वर्षे तशीच पुढे ओढली जात होती आणि कोणी विचारलेही नव्हते.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी विजेच्या बोर्डाच्या वर चढले. कर्ज घेताना काढलेली पॉलिसी आहे, या भरवशावर आम्ही होतो. ती केवळ इमारतीची निघाली. भिंती धुऊन रंगवल्या की उभ्या राहिल्या, पण फ्रिज, घरघंटी, गाद्या आणि आईचे लाकडी कपाट यांपैकी कशाचेही पैसे मिळाले नाहीत. घरसामान वगळून वाचवलेली रक्कम फारच किरकोळ होती. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की काटछाट विमा रकमेच्या फुगवट्यात करा, सामानात नको. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या पट्टीवरील क्रमांकाचे छायाचित्र आजच काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. आमची बिले कपाटात होती आणि कपाटातच त्यांचा लगदा झाला.

कोथरूडकर
सर्वांचा मनापासून आभारी आहे. सचिवांनी काल पॉलिसी दाखवली. ती चालू आहे, परंतु त्यातील रक्कम आमच्या २४ सदनिकांना पुरणारी वाटत नाही, म्हणून ती वाढवण्याचा विषय पुढील सभेत मांडतो आहे. तोपर्यंत स्वतःची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडून घेतली, तर बँक ती नाकारू शकते का?

निवृत्त विमा कर्मचारी
विमा आमच्याच संलग्न कंपनीकडून घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसीत तारणधारक म्हणून बँकेचे नाव नोंदवून घ्या, प्रत शाखेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.