पार्किंगमधील पावसाचे पाणी : मोठी वाहिनी की जागीच मुरवणे?

प्रश्न : आमच्या कार्यालयाचे सुमारे १,००० चौरस मीटरचे डांबरी पार्किंग एका कोपऱ्याकडे उतरते आणि जोराचा पाऊस झाला की तेथील जाळीवर पालापाचोळा अडकून घोटाभर पाणी साचते. मोठ्या व्यासाची वाहिनी टाकावी का?

पहिले उत्तर : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजेच २५ मिलिमीटर पावसात आपल्या आवारात २५,००० लिटर पाणी पडते आणि डांबरातून ते मुरत नसल्याने जवळजवळ सगळे त्या एकाच जाळीकडे धावते. मोठ्या वाहिनीने तेच पाणी अधिक वेगाने पुढच्या नाल्यावर आदळेल, म्हणून मला तो उपाय अर्धवट वाटतो. त्याऐवजी उताराच्या कडेने डांबरापेक्षा खोलगट हरितपट्टा करून कठड्याला ठिकठिकाणी खाचा द्याव्यात, म्हणजे पाणी आत शिरेल आणि गाड्यांतून गळालेले तेल बऱ्याच अंशी मातीतच अडेल. (पट्टा उंच बांधून मग पाणी का शिरत नाही, असे विचारणारेही भेटतात!)

दुसरे उत्तर : सहमत, मात्र आधी खड्डा खणून त्यात पाणी ओतावे आणि ते किती वेळात उतरते हे पाहावे, कारण खाली चिकणमाती असेल तर तळाशी छिद्रे असलेली नळी टाकून जादा पाणी बाहेर काढावेच लागते.

प्रश्नकर्ता : सच्छिद्र फरसबंदी चालेल का?

दुसरे उत्तर : गाड्या उभ्या राहतात तेवढ्या जागेत चालेल, परंतु तिची छिद्रे बारीक मातीने बुजतात, त्यामुळे ती नियमितपणे यंत्राने शोषून साफ करण्याची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.